पहिला दाब पोकळ

नागपूर देशाच्या मधोमध आहे, हे आम्हाला शाळेपासून ऐकवलं जातं. झिरो माइलचा दगड आजही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. ट्रॅकवर मोटरसायकल पळवण्याचं खूळ डोक्यात असलेल्या माणसाला या मध्यवर्तीपणाचा उपयोग एवढाच, की कुठलाच ट्रॅक जवळ नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, ते हजार-अकराशे किलोमीटर दक्षिणेला. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट जवळपास तेवढंच उत्तरेला. कोइंबतूरचा कारी स्पीडवे त्याहूनही लांब. समृद्धी महामार्ग आमच्याच गावातून निघतो, पण तो मुंबईकडे जातो आणि त्यावर दुचाकीला मज्जाव. मग गाडी पिकअपमध्ये बांधा, नाहीतर टाकीतलं पेट्रोल काढून रेल्वे पार्सलला द्या, आणि दोन दिवसांच्या हौसेपायी तेवढेच दिवस प्रवासात घाला.

अंतराचं मी सोसून घेतो. वैताग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. गाडीचं दुखणं उमटतं तिकडे आणि गॅरेज इकडे. तिथे दीडशेच्या वेगात जे होतं ते इथे धंतोलीच्या सिग्नलला होत नाही. नागपुरात उतरवली की गाडी शहाण्यासारखी वागते. इंजिनाचं, क्लचचं काही असेल तर एक वेळ चालतं. पुढचा ब्रेक असा वागायला लागला की झोप लागत नाही.

माझी गाडी जुनी घेतलेली, सिंगल सिलिंडर. आधीच्या मालकाने ती ट्रॅकसाठी सजवली होती: दिवे-आरसे काढलेले, फायबरचं फेअरिंग (वारा कापणारं बाहेरचं आवरण), पुढे मूळ डिस्कच्या जागी फ्लोटिंग डिस्क, ब्रेकच्या तेलाच्या रबरी पाइपाऐवजी स्टीलच्या जाळीचा पाइप. कागदावर ब्रेक माझ्या कुवतीपेक्षा चांगलाच होता. आणि चेन्नईच्या ट्रॅकवर, सरळ रस्ता संपता संपता, मी ब्रेकचा लिव्हर दाबला आणि तो थेट हँडलच्या ग्रिपकडे आला. मध्ये काहीच लागलं नाही. बोटाने आपोआप दुसऱ्यांदा दाबला, तर पूर्ण ब्रेक हजर. पहिला दाब पोकळ, दुसरा भरीव. या दोन दाबांमध्ये अर्धा सेकंदही गेला नसेल, पण दीडशेच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी वीस मीटर पुढे गेलेली असते.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या उभ्या करतात तिथे, आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. सगळ्यांचं एकमत: ब्रेकच्या तेलात हवा आहे, हवा काढा. हवा काढली. निपलला, म्हणजे ब्रेकचं तेल सोडायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा, निपल बंद झाल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही. एकही बुडबुडा आला नाही. लिव्हर दगडासारखा. पुन्हा ट्रॅकवर गेलो आणि पुन्हा तेच. कुणी म्हणालं तेल उकळतंय, कुणी म्हणालं मास्टर सिलिंडरचं (लिव्हरपाशी तेल ढकलतो तो) सील गेलंय, एकाने तर नवा रेडिअल मास्टर सिलिंडर कुठे स्वस्त मिळतो तेही सांगितलं. पिटमधला माणूस सल्ला देताना नेहमी तोच भाग सांगतो जो त्याने स्वतः नुकताच बदललेला असतो.

तेल उकळण्याची शंका फुकटची नव्हती. गाडी आणि स्वार मिळून २४० किलो धरा. ताशी १६० वरून ८० वर यायचं तर पावणेदोन लाख ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. थोडी हवेच्या रोधात जाते, थोडी इंजिनात, बाकीची बहुतेक पुढच्या डिस्कमध्ये. हिशेब केला तर अडीच-तीन सेकंदांत चार कप चहाच्या आधणाला उकळी यावी एवढी ही उष्णता, आणि ती एका लॅपमध्ये अनेकदा, पंधरा-वीस मिनिटं सलग. डिस्कमधून तिला चिमटणाऱ्या पॅडमध्ये, पॅडच्या पाठीच्या पत्र्यातून पिस्टनमध्ये, पिस्टनमधून तेलात. पॅड नवे आणि जाड असतील तर मधला अडसर मोठा. पॅड झिजत आले की तीच उष्णता लवकर तेलापर्यंत पोचते. म्हणून 'अजून एक सेशन निघेल' म्हणत पॅड शेवटपर्यंत वापरणारे लोक मला पटत नाहीत. पॅडच्या पैशात जे वाचतं ते तेलात जातं.

तेलाचंही वय असतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेकचं तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. नागपूरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो, लोकांना वाटतं आपल्याकडे कसली ओल. मग जुलै लागतो आणि गॅरेजच्या फळीवर झाकण सैल ठेवलेली अर्धी बाटली दोन महिने तशीच बसते. ती बाटली मी गाडीत घालत नाही, भावाने फुकट दिली तरी. (आणि डॉट ५ वेगळं बरं का, ते सिलिकॉनचं असतं, ५.१ मध्ये मिसळायचं नसतं. ही नावं देणाऱ्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.)

तर पिकअपमधून गाडी नागपुरात उतरली आणि मी ती मेडिकल चौकाच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी जन्मात ट्रॅक पाहिलेला नाही. त्यांच्याकडे येतात त्या डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या, कॉलेजच्या पोरांच्या गाड्या, आणि क्वचित एखादी जपून ठेवलेली आरएक्स १००. मी सुरू झालो: लिव्हर असा जातो, मग तसा येतो, हवा काढली, तेल बदललं. त्यांनी हातातला कापड खांद्यावर टाकला आणि मला थांबवलं.

"काय होऊन राहिलं ते समजलं भाऊ. कधी होऊन राहिलं ते सांगा."

"ट्रॅकवर. सरळ संपली की."

"सगळ्याच सरळ रस्त्यांवर?"

यावर मला विचार करावा लागला. सगळ्या नाही. एका डाव्या-उजव्या जोडवळणानंतरच्या सरळ रस्त्यावर नक्की. तिथे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झटक्यात टाकावी लागते आणि बाहेर पडताना चाक कर्बवर, ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, चढतं.

"पहिल्या लॅपला होते, का गरम झाल्यावर?"

"पहिल्या लॅपलाही झालंय."

"मंग तेलाले कायले दोष देता? थंड तेल उकळते का कुठं?"

एवढ्या दोन-तीन प्रश्नांत पिटमधले निम्मे सल्ले निकाली निघाले. तेल उकळलं असतं तर लिव्हर हळूहळू, लॅपमागून लॅप, नरम आणि लांब होत गेला असता आणि कितीही दाबला तरी गाडी थंड होईपर्यंत पुरता सावरला नसता. हवा असती तर ती उभ्या गाडीतही लागली असती. रबर दाबल्यासारखं बोटाला लागतंच. पॅड तापून निकामी झाले असते तर उलटंच: लिव्हर कडक, पण गाडी थांबत नाही. माझं दुखणं यातलं एकही नव्हतं. गाडी थंड असतानाही होतं, एका दाबात जातं, दुसऱ्यात येतं, आणि गाडी हलल्यावरच होतं.

इथे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या डिस्कवरच्या चिमट्याच्या, आत काय असतं ते सांगितलं पाहिजे, कारण मला स्वतःला ते फार आवडतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग तिथे नसते. पिस्टनभोवती रबराचं एक सील असतं, त्याचा काटछेद चौकोनी. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सीलचा आतला काठ त्याला धरून पिळला जातो. सोडला की सील पुन्हा आपल्या आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड आणि डिस्कमधली फट म्हणजे त्या रबराच्या पिळाएवढी. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि फट पुन्हा तेवढीच राहते. ना नट, ना स्क्रू, ना ॲडजस्टमेंट.

आता डिस्क सरळ न फिरता किंचित डुलत असेल, किंवा चाकच ॲक्सलवर हलत असेल, तर ती पॅडला ढकलते आणि पॅड पिस्टनला सीलच्या पिळापेक्षाही मागे रेटतो. याला ट्रॅकवर नॉकबॅक म्हणतात. मागे किती जातो? समजा कॅलिपरमध्ये तीस मिलिमीटरचे चार पिस्टन आहेत आणि ते सगळे एक दशांश मिलिमीटर मागे गेले. ती जागा भरायला चौदा मिलिमीटरच्या मास्टर सिलिंडरला जवळपास दोन मिलिमीटर सरकावं लागतं. लिव्हरच्या पाचपट गुणोत्तराने बोटाखाली ते नऊ-दहा मिलिमीटर होतं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाखाली एक सेंटीमीटरची होते. पहिला दाब पिस्टनना जागेवर आणण्यात खर्च होतो, ब्रेक लागतो तो दुसऱ्याने.

मिस्त्रींना नॉकबॅक हा शब्द माहीत नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. त्यांनी पुढचं चाक उचलून स्टँडवर घेतलं, लिव्हर दोनदा दाबून सोडला. मग चाकाला वरून आणि खालून धरून आडवे झटके दिले, हँडल इकडून तिकडे आपटलं, आणि मला म्हणाले, "आता दाबा. हळू." लिव्हर ग्रिपकडे आला. चेन्नईचं भूत मेडिकल चौकात, इंजिन सुरू न करता, हजर. मी इतका खूश झालो की त्यांना वाटलं काहीतरी चुकलं.

दुसऱ्यांदा त्यांनी माझं बोट घेऊन कॅलिपरच्या कडेवर ठेवलं, नख अर्धं कॅलिपरवर आणि अर्धं डिस्कवर, आणि चाक पुन्हा हलवलं. बोटाखाली बारीकसं टक झालं. कानाला ऐकू येत नव्हतं. चाकाचं बेअरिंग सैल होतं, ट्रॅकच्या भारात सैल, रस्त्यावर कळायलाच नको इतकं.

बेअरिंग नवी घातली, दोन्ही बाजूंची. दोन बेअरिंगच्या मधली नळी घासलेली नाही ना तेही पाहिलं. ती आखूड झाली तर ॲक्सल आवळताना नव्या बेअरिंगचा जीव पहिल्याच दिवशी जातो. पण मिस्त्रींचं समाधान झालं नव्हतं. डिस्कच्या मधल्या गोल बटनांवर ते अंगठा फिरवून पाहत होते. फ्लोटिंग डिस्कमध्ये मधला सांगाडा आणि बाहेरचं कडं ही वेगळी असतात आणि या पोकळ बटनांनी जोडलेली. कडं तापून फुगतं, कॅलिपरमध्ये आपली जागा शोधतं, त्यासाठी ही बटनं थोडी ढिली असावी लागतात. आमची काही फिरत होती, काही जाम. आधीच्या मालकाने त्यात ग्रीस भरलं होतं, त्यात पॅडची भुकटी बसली आणि भाजून निघाली. जाम बटनांनी कडं तिरकं पकडून ठेवलं होतं.

त्याचा इलाज करताना पाहणं हा अर्धा तासाचा कार्यक्रम होता. बटनाच्या भोकातून एक बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर, नट आवळला की बटन त्यात पकडलं जातं. मग ब्रेक क्लीनरचा फवारा आणि पान्याने इकडे-तिकडे. आधी हलत नाही. मग करकर. मग फटीतून काळा, चिकट ओघळ खाली येतो, पुन्हा फवारा, पुन्हा पाना, आणि बटन अचानक मोकळं होऊन बोटाने फिरतं. मिस्त्री एकेक बटन झालं की त्यावर खडूने टिंब काढत होते. ग्रीस पुन्हा लावायचं का, असं त्यांच्या हाताखालच्या पोराने विचारलं, तर त्यांनी उत्तरही दिलं नाही, फक्त पाहिलं.

नंतर मी हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे चाक नेऊन डायल गेज (केसभर डुलणंही काट्यावर दाखवणारं माप) लावून डिस्क फिरवून घेतली. तीही सरळ निघाली. खरं सांगायचं तर तोपर्यंत गरज उरली नव्हती. मला फक्त काटा स्थिर राहिलेला बघायचा होता.

या सगळ्यात एक गोष्ट मला बोचत राहिली. ट्रॅकवरचे अनुभवी लोक एक सवय लावून घेतात: वळणाच्या आधी, वेगात असतानाच, लिव्हरला बोटाने हलकं टेकवून पाहायचं, म्हणजे पॅड जागेवर येतात. चांगली सवय आहे, मीही करतो. पण मला कित्येकांनी ती इलाज म्हणून सांगितली. 'टॅप करत जा, काही होत नाही.' लिव्हर जे सांगतोय ते ऐकण्याऐवजी त्याला गप्प करायचं, असा त्याचा अर्थ होतो. ऑगस्ट २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक शर्यतीत, मॅव्हरिक विन्यालेस या स्वाराचा ब्रेक गेला. काही लॅप आधीपासून लिव्हर साथ देत नव्हता, त्याने काही जणांना पुढेही जाऊ दिलं होतं. शेवटी सुमारे २२० च्या वेगात तो गाडीवरून स्वतःच उतरला, म्हणजे अंग सोडून दिलं, आणि गाडी पुढे जाऊन हवा भरलेल्या कुंपणात घुसून पेटली. त्याला फारसं लागलं नाही. तिथे कारण उष्णतेचं होतं, माझं वेगळं. पण जगातले उत्तम मिस्त्री दिमतीला असणारा माणूसही 'निघेल अजून थोडं' म्हणतो, हे पाहून मला धीर आला की धसका बसला, ते मलाच कळलं नाही.

बाबांच्या स्कूटरला पुढे-मागे ड्रम होते. केबल ताणली, लायनर झिजलं, की पॅडल थोडं खाली जायचं, मग अजून थोडं. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन झाले की बाबा पाना घेऊन बसायचे आणि नट दोन आटे आवळायचे. ब्रेक बिघडतोय हे आठवडाभर पायाला कळत असायचं. हायड्रॉलिक ब्रेक तसा नाही. तो आपली झीज आपणच भरून काढतो, लिव्हर पहिल्या दिवशी जिथे लागतो तिथेच शेवटच्या दिवशी लागतो, आणि झीज दिसते ती फक्त मास्टर सिलिंडरवरच्या डबीत, तेलाची पातळी खाली गेलेली. तिकडे कोण बघतं. लोक पातळी खाली दिसली की वरून तेल ओततात आणि पॅड बघत नाहीत. मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबले की तेल झाकणातून बाहेर, टाकीच्या रंगावर. आमच्या गल्लीत एका टाकीवर तसा नकाशा आहे.

पुढच्या खेपेला चेन्नईला त्याच जोडवळणातून बाहेर पडलो, कर्ब घेतला, आणि बोट टेकवलं. लिव्हर जागेवर. खूप जोरात कर्ब चढला तर आजही केसभर उतरतो, पुढचं चाक धरणारा फोर्क वाकतो तेवढं तर होणारच. पण बोट आता आधी घाबरत नाही. हा बदल घड्याळात दिसायला मात्र वेळ लागला. हाताने पोकळ दाबाची सवय लावून घेतली होती, तो कितीतरी लॅप लवकरच ब्रेक मारत होता, गाडी नीट झाल्यावरही.

गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका मित्राचा फोन आला. त्याचं दुखणं बरोबर उलटं. चार-पाच लॅपनंतर लिव्हर आखूड आणि कडक होत जातो, गाडी ढकलायला जड जाते, डिस्कवर निळी झाक आली आहे. थंड झालं की सगळं ठीक. त्याला लोकांनी कॅलिपर जाम झालाय सांगितलं होतं आणि तो नवा कॅलिपर मागवायच्या बेतात होता.

"काय होतंय ते कळलं," मी म्हणालो, "पण कधीपासून होतंय?"

"नवा लिव्हर लावला ना, घडीचा, तेव्हापासून. पण लिव्हरचा काय संबंध बे?"

संबंध होता. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना ते उघडं राहतं आणि तापून फुगलेलं तेल त्यातून वरच्या डबीत परत जातं. लिव्हर पिस्टनला थोडासा जरी दाबून बसला तरी भोक झाकलं जातं. मग फुगलेल्या तेलाला एकच वाट उरते, पॅडकडे. ब्रेक आपोआप लागायला लागतो, घासून अजून तापतो, अजून लागतो. मी त्याला म्हटलं, कॅलिपर राहू दे, आधी डबीचं झाकण उघड, गाडीवर ओलं फडकं टाक आणि लिव्हर अगदी हळू दाबत तेलाकडे बघ. सुरुवातीच्या हालचालीत पृष्ठभागावर बारीक उसळी यायला हवी.

दहा मिनिटांत त्याने व्हिडिओ पाठवला. तेल ढिम्म. मग जुना, मूळचा लिव्हर लावून दुसरा व्हिडिओ: पहिल्या मिलिमीटरलाच उसळी. घडीच्या लिव्हरचं पिस्टनला टेकणारं नाक जाड होतं. ते कानशीने घासू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. घासून फट मिळते, पण किती घासलं याचा नेम राहत नाही आणि तिथला धातू फार नाही. तो म्हणाला, मग दुकानदाराला परत करतो. दुकानदार घेईना. सध्या तो लिव्हर त्याच्या कपाटात आहे, मूळचा गाडीवर आहे, आणि कॅलिपरचे पैसे त्याने टायरला लावले.